अक्रोडाचा दस्ता

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या बिल्डिंगमागच्या उतारावर अक्रोड पडायला लागतात. वारा सुटला की सायकलशेडच्या पत्र्यावर टपाटप आवाज येतो आणि सकाळी ऑफिसला निघालेली भली भली माणसं कापडी पिशवी घेऊन वाकलेली दिसतात. रस्त्यावर एक गाडी नसताना लाल दिव्याला निमूट थांबणारी ही माणसं, पण या दिवसांत झाड कुणाचं आणि अक्रोड कुणाचे हे कुणी विचारत नाही. मीही वाकते. वरचं हिरवं साल काळं पडलेलं असतं. ते सोलताना बोटं जी काळी होतात ती आठ दिवस निघत नाहीत. लिंबू चोळून झालं, भांड्यांची पावडर झाली, काही उपयोग नाही. त्या सालाला एक कडवट, ओला, थोडा औषधासारखा वास असतो. तो नाकात गेला की मला दरवर्षी तोच एक ऑक्टोबर आठवतो. त्या वर्षी माझे बाबा इथे, जर्मनीत येनाला, आले होते आणि माझ्या स्वयंपाकघराचा सुतारखाना झाला होता.

मी इथे भिंगं मोजते. भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमापाच्या विभागात आहे. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग एवढी चूक पकडायचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला त्याचीच जास्त लाज वाटणार आहे.

बाबा कोल्हापूरच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची, ती आधी लाकडात करायची. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून काढायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पंपाची बॉडी असो की गिअरबॉक्सचं कव्हर, आधी बाबांच्या हातून लाकडात जन्माला यायचं. चाळीस वर्षं. मग कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं, बाबा निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांत आई गेली. बाबा मंगलताईकडे राहायला लागले. ताईचा फोन यायचा, "दिवसभर गॅलरीत बसून असतात गं. काय विचारलं तर 'बरं हाय' म्हणतात. जेवायला वाढलं की जेवतात. नाही वाढलं तर मागायचेही नाहीत, असं वाटतं."

म्हणून मी त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे बोलावलं. सप्टेंबरच्या शेवटाला आले. सामानाची बॅग उघडली तर लोणच्याची एक बरणी, पापडाचं एक पाकीट, आणि खाली गोणपाटात गुंडाळलेली सगळी हत्यारं. सहा पटाश्या, छोटा रंधा, लाकडी हातोडा, गुण्या, मोजपट्टी. बाकीच्यांचे वडील चकल्या आणतात हो! मी म्हटलं, "बाबा, हे कशाला आणलंत?" तर म्हणाले, "असू दे. हातासंगं असलेलं बरं." आणि ते गोणपाट पलंगाखाली सरकवून दिलं.

पहिले पंधरा दिवस ते खिडकीत बसून ट्राम बघत होते. मी सकाळी निघताना बसलेले, संध्याकाळी परत येईतो बसलेले. "बाबा, खाली फिरून या ना." "बघू की." मग मीच घाबरायची. पाय घसरला तर? भाषा येत नाही, हरवले तर? म्हणून फिरून या म्हणायचं आणि लगेच म्हणायचं, नको, मी आल्यावर जाऊ. बाबा, ते जड आहे, उचलू नका. बाबा, थंडी आहे, बसा तुम्ही. बाबा, चहा मी करते. माझी माया होती त्यात, शपथेवर सांगते. पण आता विचार केला की वाटतं, मी त्यांना काचेच्या कपाटात बसवलं होतं आणि वर, किती छान जपतेय, म्हणून स्वतःवर खूश होते.

आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ लिंडनर राहतात. तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. पोस्टातून निवृत्त, पाठ ताठ, केस पुरुषासारखे कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी पहिल्यांदा इथे राहायला आले तेव्हा त्यांनी स्वागत केलं ते, "तुमची सायकल चुकीच्या जागी आहे," या वाक्याने. या बाई चाळीसेक वर्षं नेमबाजीच्या फेराइनमध्ये आहेत. फेराइन म्हणजे मंडळ. आपल्याकडे गल्लीत भजनी मंडळ असतं तसं यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं एक असतं, सशांचं, गाण्याचं, बागेतल्या फुलांचं, आणि नेमबाजीचंही. दर शनिवारी बाई एक कुलपाची पेटी गाडीत टाकून जायच्या.

त्या पेटीत त्यांची रायफल असायची. लहानशी, पॉइंट टू-टू, कागदी टार्गेटवर नेम धरायची. नळी एका बाजूला आणि खांद्याला टेकवायचा दस्ता दुसऱ्या बाजूला अशी दोन तुकड्यांत सुटणारी, म्हणून वाहायला सोपी. तिचा दस्ता प्लास्टिकचा होता आणि बाईंचा त्याच्यावर भयंकर राग. त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. तो दस्ता आता त्यांना लांब पडायचा, गालाला गार लागायचा, आतून पोकळ असल्यामुळे डबड्यासारखा वाजायचा. बंदुकी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने लाकडी दस्त्यासाठी दीड वर्ष थांबा म्हणून सांगितलं. "दीड वर्षाने मी असेन, पण माझा खांदा नसेल," असं त्या म्हणायच्या. आणि लाकूड तर त्यांच्याकडे होतं. त्यांच्या वडिलांच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड रस्तारुंदीत गेलं, त्याची एकच फळी उरली होती. वीस वर्षं ती त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, भिंतीला टेकून उभी होती.

बटाटे आणायला म्हणून मी बाबांना घेऊन केलरमध्ये गेले होते. तिथे प्रत्येकाच्या खोलीला लाकडी पट्ट्यांचं दार असतं, आतलं सगळं दिसतं. मी बटाटे काढून वळून बघते तर बाबांचा हात शेजारच्या दारातून आत गेलेला, आणि ते त्या फळीवर अंगठ्याचं नख घासतायत. नेमक्या तेव्हाच फ्राऊ लिंडनर मागून आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर बाई बाबांच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "यांना कळतंय ते काय आहे."

मी सांगितलं, वडील लाकडाचे पॅटर्न करायचे, चाळीस वर्षं.

"माइस्टर?" त्यांनी विचारलं. इथे कारागिराला ही पदवी रीतसर परीक्षा देऊन मिळते. बाबांकडे कसलंच प्रमाणपत्र नाही, नववी नापास आहेत. पण मी म्हटलं, "या, माइस्टर." या म्हणजे हो.

तेव्हापासून बाई त्यांना 'हेर सूटार' म्हणायला लागल्या. फ्राऊ म्हणजे श्रीमती तसं हेर म्हणजे श्रीयुत, आणि आमचं आडनाव सुतार, त्याचं त्यांनी केलेलं सूटार. बाबा त्यांना लिंडनरबाई म्हणायचे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

इथल्या कायद्याने रायफलची नळी आणि चापाकडचं लोखंड म्हणजे शस्त्र. ते परवाना असलेल्याच्याच हातात, नाहीतर पोलादी कपाटात. दस्ता म्हणजे नुसतं लाकूड, तो कुणीही करावा. बाई या बाबतीत कडक. लोखंड त्यांनी कपाटात कुलूपबंद केलं आणि रिकामा प्लास्टिकचा दस्ता भाजीच्या पिशवीत घालून वर आणून दिला. यावरून करा म्हणाल्या, लोखंड शेवटी मी माझ्या हाताने बसवून बघेन.

बाबांनी तो दस्ता उलटसुलट केला आणि माझ्यापुढे ठेवला. "ड्रॉइंग दे."

"समोर वस्तू आहे की बाबा."

"वस्तू बघून करतोय त्यो नकलाकार. मला ड्रॉइंग लागतंय."

मग मी बसले. माझा आकडे दाखवणारा व्हर्निअर काढला, आतल्या खोबणीचं, स्क्रूच्या भोकाचं, सगळ्याचं माप घेतलं आणि दोन कागदांवर स्वच्छ ड्रॉइंग काढलं. बाईंच्या खांद्याला हवी तेवढी लांबी कमी केली. बाबांनी ते चष्मा वर करून, चष्मा खाली करून वाचलं. "बरं काढलंयस," म्हणाले. इंजिनिअरिंगच्या डिग्रीला ते असं म्हणाले नव्हते.

मग सुरू झालं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर, तिच्यावर फळी. पहिल्या दिवशी त्यांनी करवत लावलीच नाही. फळीचा वास घेतला, एक ढलपी काढून जिभेला लावली. "आपल्या सागापेक्षा गोड हाय. शिवणीच्या लाकडावानी कापंल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दार उघडलं तर सगळ्या घरात तो कडवट वास, आणि फरशीवर रंध्याच्या तपकिरी कुरळ्या ढलप्या. आमटीत ढलपी. माझ्या ऑफिसच्या बुटात ढलपी. बाबा उभ्याने काम करत होते आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. त्यांचं गुणगुणणं मी किती वर्षांनी ऐकलं कोण जाणे. जेवताना त्यांनी आपणहून भात मागितला. मी बाथरूममध्ये जाऊन ताईला मेसेज केला, "भात मागितला!!" तिने उत्तरादाखल नुसते रडण्याचे चेहरे पाठवले.

इथे दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही, रविवारी तर दिवसभर नाही. रूहेत्साइट म्हणतात त्याला. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "रविवारी कोंबडा आरवला तर काय करत्यात? नोटीस काढत्यात?" पण पाळायचे. दुपारी पटाश्यांना धार लावत बसायचे. लिंडनरबाई तीनच्या ठोक्याला कॉफीचा थर्मास घेऊन वर यायच्या, खुर्चीत बसायच्या, दस्त्याच्या लाकडाला गाल लावून बघायच्या आणि बोटाने दाखवायच्या, इथे अजून काढा. बाबा पेन्सिलीने खूण करायचे. कधी कधी म्हणायचे, "गेनाऊ." हा एक शब्द त्यांनी उचलला होता. तंतोतंत, बरोबर, असा त्याचा अर्थ, आणि तो त्यांना फार आवडला होता.

एका गुरुवारी मी लवकर घरी आले. बाबा आंघोळीला गेले होते. टेबलावर दस्ता पडलेला, वरची खोबण खोदून पुरी झालेली. इतकं देखणं काम! कोपरे असे की नजर ठरावी. आणि मला काय अवदसा आठवली, सवयीने हात पर्समधल्या व्हर्निअरकडे गेला. खोबणीची लांबी दोनशे मिलिमीटर पाहिजे होती. आकडा आला दोनशे दोन.

मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. दोनशे दोन. मग रुंदी मोजली, तीही जास्त. सगळं त्याच प्रमाणात, शंभराला एक. आणि मग शेजारी पडलेली त्यांची मोजपट्टी मला दिसली. पोलादी, कडा झिजलेली. तिच्या टोकाला 'सी आय', म्हणजे कास्ट आयर्न, अशी दोन बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती मी लहानपणापासून ओळखते.

वितळलेलं लोखंड थंड होताना आवळतं. म्हणून पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा करायचा असतो. दरवेळी गणित नको म्हणून पॅटर्नमेकरांची पट्टीच वेगळी असते. दिसायला साधी, पण तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर जरा वाढीव. चाळीस वर्षं समोर ड्रॉइंग आलं की बाबांच्या हाताने हीच पट्टी उचलली. त्या दिवशीही उचलली. फक्त इथे काही ओतायचं नव्हतं, काही थंड होऊन आवळणार नव्हतं. आणि फळी एकच होती.

आणि मी काय केलं? व्हर्निअर पर्समध्ये ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. बाबा बाहेर आले, टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "झाली बघ खोबण. काय करालीस?"

"काही नाही बाबा. भजी करतेय."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप खाली गेले आणि फ्राऊ लिंडनरना सगळं सांगितलं. म्हटलं, शनिवारी तुम्ही लोखंड बसवाल तेव्हा ते हलेल. प्लीज, त्यांच्यासमोर काही बोलू नका. छान झालंय म्हणा. नंतर मी ते कुणाकडून तरी भरून आणेन, त्यांना कळणारही नाही. त्यांची बायको गेली आहे, कितीतरी दिवसांनी ते जेवतायत.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते आजारी आहेत का?"

"नाही."

"मग?"

एवढंच. मी तशीच जिना चढून वर आले. खूप राग आला होता मला. म्हटलं, या लोकांना काळीज म्हणून काही नसतंच.

शनिवारी सकाळी आम्ही दस्ता टॉवेलात गुंडाळून त्यांच्या घरी नेला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी टेबलावर केक मांडला होता. कपाटाचं कुलूप उघडून त्यांनी लोखंड आणलं, स्वतःच्या हाताने खोबणीत ठेवलं आणि पुढेमागे हलवलं. टक्. टक्. मी बाईंकडे डोळ्यांनी विनवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "दास वाकेल्ट, हेर सूटार." हलतंय हे.

मी भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. बाबांनी तो आवाज ऐकला होता. वर खिशाला लावलेली पट्टी त्यांनी काढली, चष्मा वर करून तिच्या टोकाकडची अक्षरं वाचली आणि खुर्चीत बसले. "आगं आई गं," म्हणाले. त्या केकला कुणी हात लावला नाही.

वर घरी आल्यावर त्यांनी दार लावलं आणि मला विचारलं, "तू मोजलं न्हवतंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण बाबांसमोर मला ते कधी जमलेलं नाही. म्हटलं, "मोजलं होतं. गुरुवारी."

"आन गप बसलीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा..."

"फौंड्रीत," बाबा म्हणाले, आवाज चढवला नाही, "माझ्या हाताखालच्या कुणाला चूक दिसली आन त्यो गप बसला, तर त्याला मी गेटाभायेर काढायचो. चूक करणाऱ्याला कधी न्हाई काढला. गप बसणाऱ्याला काढायचो." पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुझी आई दवाखान्यात हुती, तवा आपण समदे तिच्यासंगं असंच बोलायचो. बरं हाय, आज रंग चांगला दिसतोय, सोमवारी घरी जायचं. तिला समदं कळत हुतं शुभे. ती आपल्याकडं बघून हसायची, तुमचं चालू द्या म्हणून. आता माझ्यासंगं तसं बोलाय लागलीस, म्हंजे मी बी गेल्यातच जमा की गं."

मला रडू फुटलं. ते नाही रडले. पलंगाखालचं गोणपाट ओढलं आणि एकेक पटाशी त्यात ठेवायला लागले. "माझं तिकीट बदल. हितं बसून काय करू?"

तो शनिवार आणि तो रविवार मला अजून आठवतात. बाबा पुन्हा खिडकीत. चहा दिला, प्यायले. जेवायला वाढलं, जेवले. मी समोर बसायची. माफी मागितली तर "असू दे" म्हणाले. 'असू दे' इतका वाईट शब्द मराठीत दुसरा नसेल. आपण माणसाला जपतो जपतो म्हणतो. खरं म्हणजे त्याचा पडलेला चेहरा आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण स्वतःलाच जपत असतो. हे मला त्या रविवारी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता, कारण ट्रॅव्हल एजंटला मी मेल पाठवून बसले होते.

सोमवारी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात फ्राऊ लिंडनर. हातात तोच दस्ता आणि एक कागदी पिशवी. आत आल्या, पिशवी टेबलावर उपडी केली. अक्रोडाचे तुकडे पडले. फळीतून कापून टाकलेले तुकडे आम्ही केलरमधल्या खोक्यात फेकले होते, ते त्यांनी निवडून आणले होते. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, हेर सूटार. उंट येट्स्ट?"

"काय म्हणत्यात?" बाबांनी खिडकीतूनच विचारलं.

"विचारतायत, आता पुढं काय."

"पुढं काय म्हंजे?" बाबा चिडून उठले. मला वाटलं आता बाईंना काहीतरी बोलतात. पण ते टेबलाशी आले, एक तुकडा उचलला, टाकला. दुसरा उचलला, उजेडात धरला, दस्त्याशेजारी ठेवून रेषा जुळतायत का ते बघितलं. "पॅकिंग घालायचं. दुसरं काय करणार? ह्याची रेघ जुळंल." मग माझ्याकडे वळले. "तुझं त्ये आकड्याचं काढ. आज हाफिसला न्हाई गेलीस तर चालंल का?"

मी आजारी असल्याचं कळवलं. जर्मनीत येऊन ऑफिसशी तेवढं एकच खोटं बोलले, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. एजंटला दुसरा मेल टाकला, तिकीट राहू द्या.

दिवसभर आम्ही दोघांनी काम केलं. खोबणीच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंना बसवायच्या अक्रोडाच्या पातळ पट्ट्या. बाबा रंध्याचा एक हात मारायचे आणि पट्टी माझ्यापुढे धरायचे. "मोज."

"दहा शतांश जास्त."

एक हात. "आता?"

"चार जास्त."

"खरं?"

"खरं, बाबा."

एकदा त्यांचा हात जास्त बसला. माझ्या तोंडावर आलं होतं, चालेल, कोण बघतंय. गिळलं. म्हटलं, "सहा कमी झाली. वाया गेली." बाबांनी ती पट्टी मोडून डब्यात टाकली आणि म्हणाले, "आता कशी बोललीस!" आणि हसले. ऑफिसात मी दिवसाला शेकडो आकडे सांगते, पण माझ्या आकड्याची कुणी अशी वाट बघितलेली नाही. बाईंनी आपल्या खुर्चीत बसून थर्मासातली सगळी कॉफी संपवली.

आठवड्याने खाली त्यांच्या घरी पुन्हा लोखंड बसवलं. बाईंनी हलवलं, झटकलं, कानाशी नेलं. आवाज नाही. "ना या," म्हणाल्या, म्हणजे अं, ठीक. मग दस्त्याला गाल लावला आणि बोट ठेवलं. "इथे तीन मिलिमीटर जास्त आहे. टोचतंय." मी भाषांतर करेपर्यंत बाबांची पेन्सिल कानावरून निघालीही होती. जिना चढताना म्हणाले, "बाई लई भारी हाय. खरं बोलती. अशा माणसासंगं काम कराय बरं वाटतं." मी मनातल्या मनात त्या काळजाबद्दलचं वाक्य मागे घेतलं.

पुढे एका शनिवारी त्या आम्हाला फेराइनच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. कानावर आवाज अडवणारे ते मोठे गोल लावून बाबा बाकावर बसले. बाईंचा नेम त्या दिवशी बेताचाच लागला. त्यांनी शिव्या दिल्या त्या स्वतःला, दस्त्याला नाही. तिथल्या जबाबदार माणसाने विचारलं, पाहुण्यांना एकदा गोळी झाडून बघायची आहे का, देखरेखीखाली चालतं. बाबांनी हात जोडले. "मला नगं. मी लाकडाचा माणूस." त्यांचं सगळं लक्ष खोबणीच्या कडेला बसवलेल्या पट्टीच्या बारीक रेषेकडे होतं. मला म्हणाले, बाईंना विचार, ती रेघ डोळ्याला खुपतीया का. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी टार्गेटकडे बघते, रेघेकडे नाही." बाबा डिसेंबरात ठरल्या तारखेला परत गेले.

या वर्षी अक्रोड भरपूर आलेत. फ्राऊ लिंडनर अजून शनिवारी जातात. आता गाडी मी चालवते, आणि मी वळण कसं चुकीचं घेते ते त्या मला सांगतात. बाबा ताईच्या गॅलरीत बसत नाहीत, तिथे काम करतात. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांनी केलेले पाट आहेत. रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो.

परवाच्या रविवारी त्यांनी फोन डब्याला टेकवून उभा केला. आतून ताईच्या फोडणीचा आवाज येत होता. बाबांनी आत एकदा बघून घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "शुभे, एक इचारतो. माझा हात हालतोय का?"

त्यांनी उजवा हात फोनसमोर धरला. बोटांत पेन्सिल होती.

"मंगलला तीनदा इचारलं. ती म्हणती, फोन हालतोय. जावई म्हणत्यात, थंडी हाय. तू मोजणारी हाईस. तू सांग."

सगळी तयार वाक्यं माझ्या तोंडावर आली. वय झालं बाबा. चहा जास्त झाला असेल. झोप नीट झाली नसेल. दवाखान्यात आईला आम्ही अशीच सांगत होतो. मी म्हटलं, "हालतोय बाबा. फोन स्थिर आहे. हात हालतोय. मोकळ्या हाताने एक रेघ ओढून दाखवा."

त्यांनी कागदावर सरळ रेघ ओढली आणि कागद वर धरला. मी स्क्रीनजवळ गेले. "सुरुवातीला ठीक आहे. शेवटाकडे दोन मिलिमीटरने वरखाली गेलीय."

"माझं बी तेवढंच आलं," बाबा म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, पेन्सिल कानावर अडकवली आणि आत वळून हाक मारली, "मंगल, डॉक्टरची वेळ घे गं." मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला सुट्टी मिळंल का बघ. त्यो डॉक्टर काय म्हणतोय, त्ये मला खरं सांगाय घरात कुणीतरी पायजे."